पापणी मोजणारे यंत्र आणि लक्ष देणारा माणूस

दमयंतीच्या स्वयंवरमंडपात एकसारखे दिसणारे पाच नल होते. त्यांतले चार देव, एक खरा नल. महाभारतातील या कथेत दमयंतीने आपला नल ओळखला तो बारीकसारीक खुणांवरून. देवांना घाम येत नव्हता, त्यांचे पाय भूमीला टेकत नव्हते, त्यांच्या गळ्यातल्या माळा कोमेजल्या नव्हत्या आणि त्यांच्या पापण्या लवत नव्हत्या. देवांना ‘अनिमिष’ म्हणतात ते यामुळेच. पापणी लवणे ही मर्त्य माणसाची खूण ठरली.

गंमत अशी, की माणसाकडून मात्र भाषेने नेहमी देवत्वाचीच अपेक्षा ठेवली. पहारेकऱ्याने डोळ्यांत तेल घालून जागावे, विद्यार्थ्याने फळ्याकडे एकटक पाहावे, नेमबाजाने पापणीही लववू नये. न मिचकावणे म्हणजे पूर्ण लक्ष, हे समीकरण इतके अंगवळणी पडले आहे की त्याची दुसरी बाजू, म्हणजे मिचकावले की लक्ष ढळले, ही कोणी तपासून पाहत नाही.

ती तपासण्याची वेळ आता आली आहे, कारण हे समीकरण भाषेतून यंत्रांत उतरू लागले आहे. पूर्वोत्तर सीमा रेल्वे लोको पायलटांच्या पापण्यांची उघडझाप टिपणारे कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित उपकरण विकसित करत असल्याची बातमी सप्टेंबर २०२३ मध्ये देशभर झळकली. चालकाला झापड येत असल्याचे दिसले की उपकरण इशारा देईल आणि सावधपणा ठरावीक काळ परतला नाही तर आपत्कालीन ब्रेक लावील, अशी ही योजना. मोठ्या बस आणि मालमोटारींसाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२५ साली काढलेल्या मसुद्यात चालकावर नजर ठेवणाऱ्या प्रणालीचा समावेश आहे. तिचे नावच ‘तंद्री आणि लक्ष इशारा प्रणाली’ अशा अर्थाचे आहे. त्या नावातला ‘आणि’ हा छोटा शब्द फार मोठे काम करतो. तंद्री ही एक शारीरिक अवस्था आहे, लक्ष ही दुसरीच गोष्ट आहे. आणि पापणी या दोहोंविषयी सारख्याच खात्रीने साक्ष देऊ शकत नाही.

मुळात माणूस पापणी का मिचकावतो? शाळेत मिळणारे उत्तर असे, की डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचा पातळ थर पसरावा, धूळ पुसली जावी, पारपटल कोरडे पडू नये. उत्तर खरे आहे, पण अपुरे. डोळा ओला ठेवण्यासाठी मिनिटाला तीन-चार वेळा पापणी लवली तरी पुरते. प्रत्यक्षात स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला पंधरा ते वीस वेळा पापणी मिचकावतो. तान्ह्या बाळाचा डोळाही ओलाच असतो, पण त्याची पापणी मिनिटाला जेमतेम एक-दोनदा लवते. मग प्रौढांच्या या जास्तीच्या दहा-पंधरा मिचकावण्या कशासाठी?

या प्रश्नाचा माग पोंडर आणि केनेडी या दोन शास्त्रज्ञांनी १९२०च्या दशकातच घेतला होता. हवेतली आर्द्रता बदलली, डोळ्याच्या पृष्ठभागाची संवेदना बधिर केली, तरी मिचकावण्याच्या गतीत फारसा फरक पडत नाही असे त्यांना आढळले. गती बदलत होती ती माणसाच्या मानसिक अवस्थेबरोबर. पुढे १९९७ साली इटलीत १५० निरोगी व्यक्तींच्या पापण्या मोजल्या गेल्या. स्वस्थ बसले असता सरासरी मिनिटाला १७, संभाषण करताना २६ आणि वाचताना अवघ्या ४ ते ५ असे आकडे मिळाले. डोळे तेच, खोली तीच, हवा तीच. बदलले ते फक्त काम.

एक मिचकावणी साधारण ०.१ ते ०.४ सेकंद टिकते. ती सरासरी ०.२ सेकंदांची धरली आणि मिनिटाला १७ वेळा होते असे मानले, तर जागेपणीचा सुमारे ६ टक्के काळ माणूस डोळे मिटून काढतो. आठ तासांच्या पाळीत ही बेरीज २७ मिनिटांवर जाते. खोलीतला दिवा मिनिटाला सतरा वेळा क्षणभर विझू लागला तर पाचच मिनिटांत माणूस वैतागून वायरमनला बोलावील; आणि स्वतःच्या पापणीने केलेला तितकाच अंधार त्याच्या लक्षातही येत नाही.

तो का येत नाही, यावर १९८० साली फोल्कमन, रिग्ज आणि मूर यांनी एक विलक्षण प्रयोग केला. पापणी प्रकाश अडवते म्हणून अंधार होतो की मेंदूच त्या क्षणी पाहणे थांबवतो, हे वेगळे करायचे तर पापणीला वळसा घालून प्रकाश आत न्यायला हवा. त्यांनी तो तोंडातून नेला. टाळूच्या मागे थोड्याच अंतरावर नेत्रगोल असतात. ऑप्टिकल फायबरने टाळूवर पाडलेला तीव्र प्रकाश ऊतींतून झिरपत दृष्टिपटलापर्यंत पोहोचतो. पापणी उघडी असो वा मिटलेली, त्याची तीव्रता तीच राहते. तरीही मिचकावण्याच्या क्षणी त्या प्रकाशातले बदल ओळखण्याची क्षमता लक्षणीय घटली. म्हणजे पापणीला मिटण्याची आज्ञा देतानाच मेंदू दृष्टीचा आवाजही खाली करतो, जेणेकरून मधला अंधार जाणवू नये. लंडनच्या संशोधकांनी २००५ साली हीच युक्ती एमआरआय यंत्रात पुन्हा वापरली, तेव्हा दृष्टीशी आणि जाणिवेशी संबंधित मेंदूभागांतली ही घट थेट दिसली. एवढी काळजी घेऊन झाकलेली घटना निव्वळ चूक किंवा ढिलाई असण्याची शक्यता कमीच.

लक्षाशी तिचे नाते अधिक स्पष्ट झाले ते जपानमध्ये. तामामी नाकानो आणि सहकाऱ्यांनी २००९ साली लोकांना ‘मिस्टर बीन’च्या चित्रफिती दाखवल्या. वेगवेगळे प्रेक्षक एकाच क्षणी पापण्या मिचकावत होते. कृती पूर्ण झाली, पात्र दृश्यातून बाहेर पडले, तेच ते पुन्हा दिसू लागले, अशा फटींत. कथा नसलेली निसर्गदृश्ये दाखवली तेव्हा हे एकत्र लयीत येणे घडले नाही. वाचणारा माणूसही ओळ किंवा पान संपताना पापणी लववतो. मेंदू मिचकावणी टाळत नाही, तो तिची जागा निवडतो. लक्ष कुठे दिले जाते हे त्यामुळे मिचकावण्याच्या संख्येपेक्षा तिच्या वेळेवरून अधिक कळते. नाकानो यांच्याच गटाने २०१३ साली दाखवले की चित्रफीत पाहताना प्रत्येक मिचकावणीबरोबर बाहेर लक्ष देणाऱ्या मेंदूजालाची क्रिया क्षणभर उतरते आणि अंतर्मुख विचारांशी जोडले गेलेले ‘डिफॉल्ट मोड’ जाल चढते. पडदाच तितका वेळ काळा केला तर असे होत नाही. या शोधावर ‘पापणी म्हणजे मेंदूची डुलकी’ छापाचे मथळे आले, तो अतिरेक होता. एका वाक्यानंतर दुसरे वाक्य सुरू करण्यापूर्वी वक्ता श्वास घेतो, त्याला कोणी झोप म्हणत नाही.

यापुढचे पाऊल २०२४ सालचे. अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठातील मिकेले रुची यांच्या गटाने दाखवून दिले की मिचकावणीमुळे दृष्टिपटलावर पडणारा प्रकाशाचा चढउतार वाया जात नाही. दृष्टीच्या चेतापेशी स्थिर प्रकाशापेक्षा बदलाला जास्त प्रतिसाद देतात. पापणी मिटून उघडते तेव्हा संपूर्ण दृश्याला एक झटका बसतो आणि त्याचा मोठा, ढोबळ आकृतिबंध मेंदूला अधिक ठळकपणे कळतो. ज्याला दृष्टीतला खंड समजले जात होते, ते पाहण्याच्या प्रक्रियेतलेच एक पाऊल निघाले.

आता हे सगळे घेऊन रेल्वे इंजिनाच्या कॅबमध्ये यावे. लोको पायलट आणि सहायक लोको पायलट प्रत्येक सिग्नल मोठ्याने पुकारतात, हात दाखवून एकमेकांना दुजोरा देतात. सिग्नल दिसेपर्यंत नजर ताणलेली, पुकारून झाला की क्षणभर सैल. वर सांगितलेल्या निष्कर्षांनुसार पापणी लवेल ती याच क्षणी, पुकारून झाल्यावर. चांगला चालक तिथेच मिचकावील. कॅमेऱ्यामागच्या संगणकाला पुढचा सिग्नल दिसत नाही, पुकारा ऐकू येत नाही. त्याच्यापुढे येतो तो एक चेहरा आणि मिटलेले डोळे. घटनेचा अर्थ ज्या संदर्भात आहे तो संदर्भच मोजमापातून गळलेला असतो.

भौतिकशास्त्रात अशा अडचणीला ‘व्यस्त प्रश्न’ म्हणतात. कारणावरून परिणाम सांगणे सोपे. परिणामावरून कारण शोधायला गेले की अनेक कारणे एकाच परिणामापाशी येऊन थांबतात. मिचकावणे कमी झाले? माणूस वाचत असेल, अवघड दृश्य पाहत असेल, गोंगाटात कोणाचे बोलणे कान देऊन ऐकत असेल. माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठाच्या २०२५ सालच्या अभ्यासात गोंगाटात वाक्ये ऐकतानाही मिचकावणे घटलेले आढळले. खोलीतला उजेड कमीजास्त केल्याने त्यात फरक पडला नाही. पण पार्किन्सनच्या रुग्णातही मिचकावणे कमीच असते, डोपामाइन घटल्यामुळे. मिचकावणे वाढले? माणूस बोलत असेल, दमला असेल, उन्हाळ्यात तापलेल्या कॅबमध्ये रुळांवरची धूळ डोळ्यांत जात असेल, डोळे कोरडे पडण्याचा जुनाच त्रास असेल. त्यात व्यक्तीव्यक्तींतला फरकही मोठा. एकाची नेहमीची गती दुसऱ्याच्या कित्येक पट असू शकते.

येथे विरुद्ध बाजूचा पुरावा प्रामाणिकपणे मांडायला हवा. कॅनडातील डॅनियल स्मायलेक आणि सहकाऱ्यांनी २०१० साली वाचणाऱ्या लोकांवर प्रयोग केला, तेव्हा मन भरकटलेले असताना मिचकावणे वाढलेले आढळले. म्हणजे पापणी आणि लक्ष यांचा काहीच संबंध नाही असे म्हणता येत नाही. संबंध आहे, आणि तो रोचक आहे. परंतु तो सरासरीचा संबंध आहे, शांत खोलीत पुस्तक वाचणाऱ्यांमध्ये आढळलेला. पन्नास लोकांच्या सरासरीत दिसणारा कल एका माणसाच्या एका क्षणाविषयी निवाडा देऊ शकत नाही. विज्ञानाचे विद्यार्थी हे पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेतच शिकतात आणि उपकरण विकत घेण्याची वेळ आली की सर्वांत आधी विसरतात.

झोपेचे मात्र वेगळे आहे, आणि ते वेगळे ठेवणे हाच येथील मुख्य आग्रह. झोप अनावर होऊ लागली की पापण्यांची हालचाल मंदावते, त्या जास्त वेळ मिटलेल्या राहतात, उघडताना रेंगाळतात. एका मिनिटातील किती काळ डोळे ८० टक्क्यांहून अधिक मिटलेले होते, या मापाला ‘पर्क्लोस’ म्हणतात. १९९०च्या दशकात अमेरिकेत विकसित झालेले हे माप तंद्री ओळखण्याच्या कामी बऱ्यापैकी खरे उतरले आहे. ते मिचकावणे मोजत नाही, मिटलेपणा मोजते. रेल्वेच्या उपकरणाने एवढेच केले तर त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. एखाद्या रात्री त्याने शेकडो प्रवाशांचे प्राणही वाचवले असतील. फक्त हे माप स्वभावतःच उशिरा बोलते. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी एका मिनिटात १.६ किलोमीटरहून जास्त अंतर कापते.

शिवाय खोट्या इशाऱ्यांचा प्रश्न उरतोच. मिनिटाला १७ या हिशेबाने आठ तासांत सुमारे ८,१६० मिचकावण्या होतात. उपकरण हजारातून एकदाच चुकते असे मानले, आणि ही अचूकता खूपच चांगली म्हणावी लागेल, तरी एका पाळीत आठ खोटे इशारे होतात. खऱ्या डुलक्या त्या मानाने दुर्मीळ. चौथ्या-पाचव्या खोट्या भोंग्यानंतर माणूस भोंग्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे कॅमेऱ्याला खूश ठेवण्यासाठी डोळे ताणून पाहू लागतो. ज्याचे लक्ष रुळांवर हवे ते स्वतःच्या पापण्यांवर जाते. आणि नुसते उघडे डोळे कसली हमी देतात? १९९९ सालच्या त्या प्रसिद्ध प्रयोगात चेंडूचे झेल मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांपैकी जवळजवळ निम्म्यांना समोरून चालत गेलेला गोरिलाच्या वेषातला माणूस दिसला नव्हता. त्यांचे डोळे उघडेच होते.

भारतीय इंजिनांत सावधपणा तपासणारी सोय आधीपासून आहे. ठरावीक काळात चालकाने काही हालचाल केली नाही, साधारण मिनिटभरात कळ वा पेडल दाबून पोच दिली नाही, तर इशारा होतो आणि शेवटी ब्रेक लागतात. लाल सिग्नल ओलांडला जाऊ नये यासाठी ‘कवच’ ही प्रणाली टप्प्याटप्प्याने बसवली जात आहे. ती माणसाचे मन वाचू पाहत नाही, गाडी आणि सिग्नल यांच्यावर नजर ठेवते. म्हणून तिच्याविषयीचा युक्तिवाद सोपा आहे. पापणीच्या उपकरणाची बातमी आली तेव्हा लोको पायलटांच्या संघटनेने हाच मुद्दा काढला होता, की प्रश्न डोळ्यांचा नसून विश्रांतीचा आहे. सलग रात्रपाळ्यांवर मर्यादा आणि आठवड्याची पुरेशी सलग विश्रांती या त्यांच्या जुन्याच मागण्या. हा केवळ कामगार-व्यवस्थापन तंटा समजून विज्ञानाच्या वाचकांनी बाजूला ठेवण्यासारखा नाही. सलग १७ तास जागा असलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी खालावते, असे १९९७ साली ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड यांनी दाखवले. भारतात वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. रात्री दोन ते पहाटे पाच या काळात शरीराचे घड्याळ माणसाला झोपेकडे ओढते. ते घड्याळ कोणत्याही कॅमेऱ्याला जुमानत नाही.

आणि हे लोण इंजिनापुरते राहणार नाही. महामारीच्या काळात ऑनलाइन परीक्षांत विद्यार्थ्यांच्या नजरेवर पाळत ठेवणारी सॉफ्टवेअर आली, ती पूर्ण गेलेली नाहीत. वर्गात कोणाचे लक्ष आहे हे चेहऱ्यावरून सांगण्याचा दावा करणारी साधने बाजारात आहेत. २०११ साली अमेरिकेत दोन वर्षांच्या मुलांवर झालेला एक अभ्यास येथे आठवावा. स्वमग्न मुले आणि इतर मुले, दोघेही चित्रफीत पाहताना मिचकावणे रोखत होती, पण वेगवेगळ्या क्षणी. इतर मुले भावनिक प्रसंगांत, स्वमग्न मुले वस्तूंच्या हालचालींच्या वेळी. दोघांचेही लक्ष होते, प्रत्येकाला महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टीकडे. एकाच साच्यावर घडवलेले यंत्र त्यांतल्या एका गटाला दुर्लक्षी ठरवून मोकळे होईल, आणि त्या मुलाच्या पालकांना ते शास्त्रीय मोजमाप म्हणून दाखवले जाईल.

तेव्हा उपकरण बसवण्यापूर्वी काही गोष्टी जाहीर व्हायला हव्यात. भारतीय कॅबमध्ये, भारतीय चेहऱ्यांवर, चष्म्यासह आणि चष्म्याविना, रात्रीच्या उजेडात त्याची चाचणी झाली का. हजार तासांमागे खोटे इशारे किती आणि निसटलेल्या डुलक्या किती. नोंदी कोणाकडे राहतील. आणि मुख्य म्हणजे एखाद्या अपघाताच्या चौकशीत ‘चालकाने अमुक वेळा पापण्या मिचकावल्या’ हा पुरावा म्हणून पुढे करता येईल का. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नियमांत स्पष्ट ‘नाही’ असायला हवे, कारण त्या पुराव्यामागे विज्ञान नाही.

नोंदी वापरायच्याच असतील तर त्यांचा एक चांगला उपयोग आहे. चालकाचे नाव काढून टाकावे आणि डोळे मिटलेले राहण्याचे प्रमाण पाळीचा कितवा तास, सलग कितवी रात्र आणि आधी मिळालेली विश्रांती किती तास, यांच्याशेजारी मांडावे. वर्षभराच्या अशा आलेखावरून कोणत्या विभागातले, कोणते वेळापत्रक माणसांना झोपवते आहे ते दिसेल. त्यासाठी नवे उपकरणही लागणार नाही. कॅमेरा तोच, फक्त त्याचा अहवाल चालकाच्या वरिष्ठाऐवजी वेळापत्रक आखणाऱ्याच्या टेबलावर जायला हवा.